पांखरांचा दाणा

वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं आमच्या घरोघरीं बेगमीची घाई उडते. गच्चीवर गहूं पसरले जातात, डाळींना ऊन दाखविलें जातें, तिखट-हळद बरण्यांतून दाबून भरली जाते, आणि मृगाच्या आंत सारे डबे झांकणें घट्ट लावून फळीवर चढतात. चार माणसांचें कुटुंब असो कीं चौदा माणसांचें, ही विद्या आमच्या घरांतील वडील बायकांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे, आणि त्यांस ती शिकविण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ह्या बेगमीच्या यादींत एका खाणाराचें नांव सहसा सांपडत नाहीं. तें म्हणजे घरचें पांखरूं. मग तें पिंजऱ्यांतलें असो, वा सकाळीं खिडकीच्या गजांवर येऊन हक्कानें ओरडणारें असो.

पांखरांस दाणा घालणें आमच्या घरांना नवीन नाहीं. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. जेवणापूर्वीं काकबळी काढून ठेवण्याची चाल जुन्या मंडळींनीं पाहिलेली आहे. त्या चालींतील एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. तेथें घास आधीं काढावयाचा असतो. उरलेला द्यावयाचा नसतो. आज बहुतेक घरांतून घडतें तें नेमकें उलट. गहूं निवडतांना सुपांत राहिलेले किडके दाणे, गेल्या पावसाळ्यांत जाळी धरलेली बाजरी, वास येऊं लागलेले शेंगदाणे, डब्याच्या तळाशीं गठ्ठा झालेले तांदूळ, हें सारें "टाकून कशाला द्यायचें, चिमण्यांना घाला" असें म्हणून गच्चीवर जातें. अन्न वायां जाऊं नये हा हेतु चांगला, ह्यांत शंका नाहीं. परंतु जें धान्य आम्ही माणसांच्या तोंडीं लागूं नये म्हणून बाजूस काढलें, तें पंचवीस-तीस ग्रॅम वजनाच्या जिवास मानवेल, हा तर्क आला कोठून? पांखराचें पोट दगड पचवितें अशी एक समजूत आहे. पांखरें खडे गिळतात हें खरें. पण ते दाणा भरडण्यासाठीं, विष पचविण्यासाठीं नव्हे.

विष हा शब्द आम्ही अलंकारानें वापरलेला नाहीं. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की ह्या पाळीव पांखरांत एकाएकी मरी पसरली. कांहीं महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की मेल्या. बदकांचीं आणि फेझंटांचीं पिलेंहि मेलीं. रोगाचा जंतु कांहीं केल्या सांपडेना, म्हणून त्यास 'टर्की-एक्स' असें नुसतें अज्ञाताचें नांव देण्यांत आलें. अखेर दोष सांपडला तो खाद्यांत. ह्या पांखरांच्या खाद्यांत ब्राझीलहून आलेली भुइमुगाची पेंड होती, आणि त्या पेंडीवर 'ॲस्परजिलस फ्लेव्हस' नांवाची बुरशी वाढलेली होती. बुरशीनें सोडलेलें विष पांखरांच्या यकृताचा नाश करीत होतें. बुरशीच्या नांवांतील अक्षरें जुळवूनच त्या विषास 'ॲफ्लाटॉक्सिन' हें नांव पडलें.

आपल्या देशांतील उदाहरण ह्याहून जवळचें आणि दुःखद आहे. १९७४ सालीं गुजराथेंतील पंचमहाल आणि राजस्थानांतील बांसवाडा ह्या जिल्ह्यांच्या आदिवासी खेड्यांतून काविळीची एक विलक्षण सांथ आली व तींत शंभराहून अधिक माणसें दगावलीं. मूळ निघालें तें घरांत सांठविलेल्या मक्यांत. काढणीच्या सुमारास अवेळीं पाऊस पडला, कणसें भिजलीं, तशींच घरांत भरलीं गेलीं, आणि गरिबांनीं घरांत होतें तेंच खाल्लें. तोच मका खाणाऱ्या कुत्र्यांसहि तेंच दुखणें झालें. हें विष उन्हानें जात नाहीं, धुतल्यानें जात नाहीं, तव्यावर भाजूनहि पुरतें जात नाहीं; वरची बुरशी झटकून टाकली तरी तें दाण्यांत राहतें. भुईमूग व मका हीं दोन धान्यें त्यास विशेष बळी पडतात, आणि पांखरांसाठीं म्हणून घराघरांतून वाटींत ओतलीं जातात तींहि बहुधा हींच! शिवाय बुरशीची बारीक धूळ श्वासावाटे आंत गेली तर पांखराच्या फुप्फुसांत व त्यांस जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत बुरशीच मूळ धरते, आणि मग तोंड उघडें टाकून धापा टाकणारें तें पांखरूं क्वचितच वांचतें.

हें टाळणें कठीण नाहीं. परंतु त्यासाठीं दाणा कां बिघडतो हें आधीं समजून घेतलें पाहिजे. नाहींतर महागांतला हवाबंद डबा आणूनहि आंत बुरशीच होते.

सालासकट असलेला दाणा हा झोंपीं गेलेला जीव आहे. तो श्वासोच्छ्वास करतो. अत्यंत मंदपणें कां होईना, आपल्या पोटांतील शिदोरी खर्चीत असतो. आमच्याकडील जुनीं पेंवें ज्यांनीं पाहिलीं किंवा ऐकलीं असतील त्यांस हें सांगावयास नको. पेंव उघडल्यावर तें कांहीं वेळ तसेंच ठेवून मगच त्यांत माणूस उतरत असे, कारण दाण्यांच्या श्वासानें आंतील प्राणवायु संपून गेलेला असे, व घाईनें उतरणारा माणूस गुदमरून प्राणास मुकत असे. दाण्याचा हा श्वास ओलाव्यानें व उष्णतेनें वाढतो. श्वास वाढला कीं दाणा स्वतःच आणखी उष्णता व आणखी वाफ सोडतो, आणि हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे पोत्याच्या मध्यभागीं हात घातला तर तो कोमट लागतो. तेथें बुरशी आलीच.

बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन ह्यांनीं ह्याविषयीं एक ढोबळ नियम सांगून ठेवला आहे. दाण्यांतील पाण्याचा अंश शेंकडा एकानें कमी केला कीं दाण्याचें आयुष्य दुप्पट होतें. सांठवणीची जागा पांच-सहा अंश सेल्सिअसनें थंड केली तरीहि दुप्पट होतें. अतिशय ओल्या किंवा अतिशय कोरड्या दाण्यास हा नियम लागू पडत नाहीं. परंतु आमच्या डब्यांतील धान्य ज्या मर्यादेंत असतें तेथें तो पुरेसा खरा आहे. चौदा टक्के ओलावा असलेलें धान्य वाळवून अकरा टक्क्यांवर आणलें, तर त्याचें आयुष्य आठपट झालें असा हिशेब होतो. आमच्या आज्यांनीं हॅरिंग्टनचें नांव ऐकलेलें नव्हतें, पण चैत्र-वैशाखाचें ऊन त्या कां चुकवीत नसत ह्याचें उत्तर ह्या हिशेबांत आहे.

उलटपक्षीं, मुंबई-कोंकणांत आषाढ-श्रावणांत हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्याहि वर असते, आणि सांठवणींतील बुरशीस सत्तरच्या आसपासची आर्द्रता पुरते. अशा हवेंत कोरडा दाणा उघडा ठेवला तर तो आपण होऊन हवेंतून पाणी ओढून घेतो. दुकानांतून आणलेली पिशवी तोंडाशीं पीळ देऊन खुंटीस टांगून ठेवणें ही मुंबईच्या पावसाळ्यांत दाणा नासविण्याची सर्वांत सोपी रीत आहे. पुणें-सोलापुराकडे थोडी ढिलाई खपते. रत्नागिरीस वा गोव्यास मुळींच खपत नाहीं.

तेलाच्या बियांची गोष्ट आणखी निराळी. तेलांत पाणी मुरत नाहीं. बीच्या ज्या भागांत तेल नाहीं त्याच भागांत सारें पाणी सांठतें. म्हणून बाजरी बारा टक्के ओलाव्यावर सुखानें राहते, तर सूर्यफूल व शेंगदाणा सात-आठ टक्क्यांवर आणावा लागतो. शिवाय हवा व उजेड लागून तेल खवट होतें तें वेगळेंच. सोललेल्या सूर्यफुलाचा मगज सालासकट बीच्या मानानें फार लवकर खवट होतो. साल हें बीचें देवानें दिलेलें झांकण आहे. आपण तें पैसे देऊन काढून आणतों आणि मग वर दुसरें झांकण शोधतों.

आतां कोणतें धान्य कसें, तें पाहूं. पिंजऱ्यांतील लहान पांखरांचें मुख्य अन्न राळा. राळा आपल्याकडे पूर्वींसारखा पिकत नाहीं, तरी भोगीच्या दिवशीं राळ्याचा भात करणारीं घरें सोलापूर-साताऱ्याकडे आहेत, आणि त्यांस तो ओळखीचा आहे. पांखरांसाठीं घ्यावयाचा तो मात्र कांडून साल काढलेला नव्हे, सालासकट. ताजा राळा पिवळा, गुळगुळीत व चकचकीत असतो. मुठींत धरला तर बोटांतून पाण्यासारखा निसटतो. जुना राळा मळकट दिसतो व हातास धुरळा लावतो. बाजरी त्या मानानें टिकण्यास हलकी. तिचें टरफल मळणींतच निघून गेलेलें असतें व अंगीं तेलहि बरेंच असतें, म्हणून ती पावसाळ्यापुरतीच थोडी भरावी. साळ, म्हणजे टरफलासकट भात, ही सर्वांत टिकाऊ. करडईचें कवच जाड असल्यानें तीहि बरी टिकते. शेंगदाणा आमच्या मतें पांखरांच्या डब्यांत सांठवूंच नये. द्यावयाचा तर त्या दिवसापुरता स्वयंपाकघरांतल्या चांगल्या दाण्यांतून चार दाणे काढून द्यावा.

कारळ्यांची हकीकत थोडी गमतीची आहे. ज्या काळ्या बारीक कारळ्यांची चटणी आम्ही भाकरीबरोबर खातों, त्याच भारतांतून परदेशीं जातात आणि अमेरिकेंतील अंगणांतून सोनेरी फिंच नांवाच्या पिवळ्या चिमण्यांच्या पोटीं पडतात. तेथें अमरवेलीसारखें तण देशांत शिरूं नये म्हणून तेथील सरकार हें बी उष्णता देऊन त्याची उगवणशक्ति मारल्याशिवाय आंत घेत नाहीं. तें जिवंत राहत नाहीं, लवकर सुकतें व तेल खवट होतें. आणि त्या चिमण्या इतक्या चोखंदळ कीं जुनें कारळे भरलेल्या नळीकडे ढुंकून पाहत नाहींत. आपल्याकडे कारळे जिवंत मिळतात हें आपलें भाग्यच. पण तेल अधिक, म्हणून बरणी लहान व काळोखांतली असावी.

पिंजऱ्यांतील पांखरांविषयीं येथेंच एक खुलासा करणें बरें. आपल्याकडे सरसकट 'लव्हबर्ड' म्हणून जीं विकलीं जातात तीं बहुतेक वेळां ऑस्ट्रेलियांतील बजरीगर असतात. जॉन गूल्ड ह्या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं तीं जिवंत इंग्लंडांत नेलीं व तेथून तीं जगभर पसरलीं. खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतले. आपले देशी पोपट व मुनिया पिंजऱ्यांत ठेवणें हें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. "मिठू आजोबांच्या वेळेपासून घरांत आहे" ही सबब आतां चालत नाहीं. त्यांच्या दाण्याचा विचार म्हणून आम्ही येथें केलेला नाहीं.

खरेदींत पहिली चूक होते ती स्वस्ताईच्या मोहानें. एक बजरीगर दिवसाला चहाचे दीड-दोन चमचे दाणा खातो; म्हणजे एका जोडप्यास महिन्याला अर्ध्या किलोच्या आंतबाहेर पुरे. असें असतां पांच किलोचें पोतें घरांत आणलें तर शेवटची मूठ खालीं येईपर्यंत वर्ष उलटावयाचें. सहा-आठ आठवडे पुरेल इतकाच दाणा आणावा, आणि तो जेथें भराभर खपतो अशा दुकानांतून आणावा. उघड्या पोत्यांतून घेतांना वरची ओंजळ पाहून चालत नाहीं. दुकानदारास तळाचा दाणा दाखविण्यास सांगावें. तो कुरकुर करील, पण दाखवील.

घरीं आणल्यावर तो चाळून, पसरून, एक-दोन दिवस कोरडें ऊन द्यावें. तेलाच्या बिया मात्र उन्हांत फार वेळ न ठेवतां सावलींत वाऱ्यावर वाळवाव्या. उन्हांतून उचलल्यावर लगेच डब्यांत भरूं नये. गरम दाणा बंद केला कीं रात्रीं थंड होतांना डब्याच्या आंतल्या अंगास घाम सुटतो, आणि आपण वाळविलेलें पाणी आपणच परत कोंडतों. गृहिणींस हें ठाऊक असतें. पण पांखरांचा दाणा भरण्याचें काम बहुधा मुलांकडे किंवा पुरुषांकडे असतें, म्हणून मुद्दाम लिहिलें.

डबा पत्र्याचा, कांचेचा किंवा चिनी मातीचा. झांकण घट्ट बसणारें. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीस उंदीर व अळ्या दोघेहि सहज भोंक पाडतात. एक मोठा डबा करण्यापेक्षां चार लहान बरण्या कांठोकांठ भराव्या व एका वेळीं एकच उघडावी. कांठोकांठ भरलेल्या बरणींत हवा थोडी राहते व तीहि दाणे आणि किडे मिळून संपवितात, म्हणजे पेंवाचेंच तत्त्व लहान प्रमाणांत साधतें. मात्र घट्ट झांकण दाण्यास वाळवीत नाहीं, हें विसरूं नये. तें बाहेरची ओल बाहेर ठेवतें, तशी आंतली ओल आंतच ठेवतें. ओला दाणा हवाबंद डब्यांत घालण्यापेक्षां सच्छिद्र मडक्यांत घातलेला पुरवला. जागा चुलीपासून, देवघरांतील समईपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर असावी; डबे जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावे. प्रत्येक बरणीवर भरल्याची तारीख लिहिलेली चिठी चिकटवावी. आणि जुन्या दाण्यावर नवा ओतण्याची जी सर्वत्र संवय आहे ती अजीबात सोडावी. तळाची मूठभर कीड आठ दिवसांत वरचा सगळा दाणा आपलासा करते. आधींचा डबा रिकामा करून, धुऊन, उन्हांत कडकडीत वाळवून मगच नवा भरावा. एकत्र कुटुंबांत हें काम एका माणसाच्या नांवें असलेलें बरें. पांखरूं सर्वांचें असलें कीं दाणा पाहणें कोणाचेंच नसतें.

"आम्ही स्वच्छ दाणा भरला होता, मग सोंडे आले कोठून?" हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. ते बाहेरून येत नाहींत. दाण्याबरोबरच घरांत येतात. सोंड्याची मादी दाण्यास बारीक भोंक पाडून आंत अंडें घालते व तें भोंक बुजवून टाकते. वरून दाणा अखंड दिसतो. अळी आंतला मगज खाऊन मोठी होते आणि उबदार हवेंत महिन्याभरांत सोंडा बाहेर पडतो. जाळी करणाऱ्या पतंगाचीं अंडींहि अशींच डोळ्यांस न दिसणारीं असतात. चार सोंडे पांखरानें खाल्ले तर त्यास अपाय होत नाहीं. अपाय होतो तो पुढें, कारण किड्यांच्या श्वासानें व विष्ठेनें दाणा दमट आणि गरम होतो व बुरशीस दार उघडतें. ज्यांच्या घरीं शीतकपाट आहे त्यांस ह्यावर सोपा उपाय आहे. नवा आणलेला दाणा बंद पिशवींत घालून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यांत, उणे अठरा अंशांवर ठेवावा. अंडी, अळ्या, किडे सगळे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत, म्हणजे एक रात्र, उघडूं नये. नाहींतर थंड दाण्यावर दंव पडून केलेलें सारें फुकट जातें.

आतां औषधांविषयीं. येथें आम्हांस थोडें कडक लिहिणें भाग आहे. तांदळांत बोरिक पावडर लावून ठेवण्याची पद्धत आमच्या घरांतून सर्रास आहे, आणि तांदूळ शिजविण्यापूर्वीं आपण ते चोळून धुतों म्हणून ती खपून जाते. पांखरूं दाणा धुवून खात नाहीं. पाऱ्याच्या गोळ्या व डांबराच्या गोळ्या ह्यांस पांखरांच्या दाण्याच्या आसपासहि जागा देऊं नये. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरांतच आणूं नयेत. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून जो वायु सुटतो तो पांखरांचाच नव्हे, शेजारच्या खोलींत निजलेल्या माणसांचाहि जीव घेतो. शेतावरून आणलेलें गुलाबी वा हिरवा रंग दिलेलें बियाणें पेरणीसाठींच असतें. त्यास बुरशीनाशक चोळलेलें असतें, व त्यांतील एक मूठहि चिमण्यांपुढें टाकणें म्हणजे त्यांस मारणें होय. बिब्बे धान्यांत ठेवण्याची जुनी चाल आहे, पण बिब्ब्याचें तेल माणसाच्या कातडीवर फोड आणतें. पांखराच्या डब्यांत तो नको. कडुलिंबाचा सावलींत वाळविलेला पाला फडक्याच्या पुरचुंडींत बांधून ठेवण्यास हरकत नाहीं. लाल मिरच्या ठेवल्या तरी चालतील, कारण मिरचीचा तिखटपणा पांखरांस मुळीं जाणवतच नाहीं. पोपट ती चवीनें खातो तें धाडसानें नव्हे. मात्र मिरचीच्या भरंवशावर दाणा ओला ठेवूं नये.

दाणा ताजा आहे कीं नाहीं हें ओळखण्याची उत्तम कसोटी म्हणजे मोड. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे व चार-पांच दिवस फडकें ओलें राखावें. पाऊणशेंहून अधिक दाण्यांस मोड आले तर दाणा चांगला. निम्म्याहून कमी आले तर तो जुना, आणि त्यांतील सत्त्वहि उतरलेलें. घरांतील मुलांस ही मोजणी फार आवडते. मोड आले म्हणजे दाण्यांत विष नाहीं असें मात्र सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं नाक हवें. बरणी उघडतांच कुबट, मातकट किंवा जुन्या तेलाचा वास आला, दाण्यांच्या गुठळ्या दिसल्या, हिरवट-करडी पूड हातास लागली, तर तेवढीच मूठ काढून बाकीचा वापरण्याचा विचार करूं नये. सबंध बरणी गेली असें समजावें. सूर्यफुलाचें एक बी स्वतः दांतांखालीं फोडून पाहावें. आपणांस थुंकावेंसें वाटलें तर पांखरास कां द्यावें?

डबा उत्तम ठेवून वाटींत चुकणारीं घरेंहि पुष्कळ आहेत. बजरीगर दाणा सोलून खातो आणि फोलपट तेथेंच टाकतो. वरून पाहणारास वाटी शिगोशीग भरलेली दिसते. आंत सगळीं फोलपटें! ह्या भ्रमांत भरलेल्या वाटीपुढें पांखरूं उपाशीं राहिल्याच्या गोष्टी पाळणाऱ्यांत नेहमीं ऐकूं येतात. रोज सकाळीं वाटीवर फुंकर मारावी, उरलेला दाणा काढून पाहावा, आठवड्यांतून दोनदां वाटी धुऊन वाळवावी. पाण्याचें भांडें दाण्याच्या वाटीपासून लांब टांगावें, म्हणजे थेंब उडून दाणा भिजत नाहीं. दाणा कितीहि ताजा असला तरी नुसत्या दाण्यावर पांखरूं धड राहत नाहीं. कोथिंबीर, मेथी ह्यांसारखा पाला व चुन्यासाठीं समुद्रफेणाचा तुकडा पिंजऱ्यांत असावा.

अंगणांतल्या चिमण्यांविषयीं थोडेंसें. नाशिकच्या मोहम्मद दिलावर ह्यांच्या प्रयत्नानें २०१० पासून २० मार्च हा चिमणी-दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशीं पुष्कळ घरांतून मोठ्या हौसेनें दाण्याचे डबे टांगले जातात. हौस आषाढांत संपते, डबा मात्र टांगलेलाच राहतो, व त्यांत भिजलेल्या बाजरीचा काळा लगदा होतो. पावसाळ्यांत दाणा घालावयाचा तर तासाभरांत संपेल इतकाच घालावा. पिलांस चिमण्या बहुतांशीं किडे-अळ्याच भरवितात. तेव्हां झाडें राखणें हें दाण्याहून मोठें काम आहे. मुंबईंत २०२५ सालीं कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. त्यांत शिरण्याचा आमचा विचार नाहीं, पण पोतींच्या पोतीं दाणा उघड्यावर ओतून तो विष्ठेंत कुजूं देणें ह्यास कोणत्याहि बाजूनें दान म्हणतां येणार नाहीं. त्यापेक्षां कोंकणांतील चाल किती शहाणपणाची! नवान्न पौर्णिमेस दारावर भाताच्या लोंब्यांचें 'नवें' बांधतात. लोंबींतला प्रत्येक दाणा वाऱ्यावर सुटा, आपापल्या टरफलांत कोरडा राहतो, आणि चिमण्या येऊन एकेक टिपून नेतात. शहरांतहि आश्विन-कार्तिकांत अशा लोंब्या बाजारांत येतात. त्यांची जुडी पागोळीखालीं न येईल अशा जागीं टांगली तर डब्याची गरजच उरत नाहीं.

राहतां राहिला नासलेला दाणा. तो गच्चीवर टाकूं नये हें वर आलेंच आहे. पण तो कोंबड्यांस घालूं नये व दारच्या गाईपुढेंहि ठेवूं नये. बुरशीचें तें विष गाईच्या पोटांतून तिच्या दुधांत उतरतें, आणि तें दूध उकळलें तरी जात नाहीं. चार दिवसांनीं तेंच घरांतल्या मुलांच्या पेल्यांत येतें. नासलेला दाणा नाकास फडकें बांधून कागदांत गुंडाळावा, परसांत हातभर खोल खड्डा करून पुरावा, वर माती दाबावी. आणि बरणी कढत पाण्यानें धुऊन दोन दिवस उन्हांत पालथी घालावी.